दाभणानं शिवलेला चोरखिसा

बसा मंडळी, बसा. मागचे जरा पुढे सरका. पुढचे — तुम्ही सरकू नका, तुम्ही सरकलात तर पेटीवर बसाल! आणि तो मोबाइल कुणाचा वाजतोय? बंद करा की राव! देव काही फोन करणार नाही. आणि केलाच, तर अनोळखी नंबर म्हणून तुम्ही उचलणार नाही.

तर मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस परक्या किनाऱ्यावर उतरतो. मोठं जहाज धक्क्याला लागलेलं. घटकाभराची मोकळीक. खाली गाव अनोळखी, बोली अनोळखी, नोटासुद्धा अनोळखी! अशा वेळी माणसानं जवळ पैसे किती ठेवावेत?

हसताय काय? तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कीर्तनाला आलोय की सहलवाल्यांच्या मीटिंगला? अहो, पण तुमच्यातलेच चारजण गेल्या साली क्रूझ करून आले! पूर्वी माणूस काशीहून आला की गावजेवण घालायचा. आता क्रूझवरून आला की फोटो दाखवतो. तासभर! उपाशीपोटी! आणि आपण सगळे तरी काय आहोत हो? या किनाऱ्यावर घटकाभर उतरलेली माणसं. वरून भोंगा झाला की जायचं. तेव्हा प्रश्न साधा नाही. किती घ्यावं बरोबर? खूप? थोडं? की काहीच नको?

उत्तर मी देणार नाही. उत्तर देतील बार्शीच्या इंदूबाई. बुवा, ही कुठल्या पुराणातली? पुराणातली नाही हो, बार्शीतली! पण आख्यान तिचंच आहे. ऐका.

बार्शीत एक भुसार मालाचे व्यापारी. पुरुषोत्तमशेठ बारबोले. तुमच्या गावचे नाहीत, घाबरू नका. ज्वारी, तूर, हरभरा — हातात मूठभर दाणे घेतले की माल कुठल्या शिवारातला ते सांगणार. माणूस कष्टाळू. व्यसन नाही, लबाडी नाही. पण पैसा म्हटला की तो आपल्याच अंगावर पाहिजे! घरात दुधाचे पैसे द्यायचे — शेठ देणार. भाजीचे — शेठ. बायकोला गजऱ्याला फुलं हवीत, तर फुलवाल्यानं दुकानावर जाऊन पैसे मागायचे. इंदूबाईंना कशाची कमी होती म्हणाल तर कशाची नव्हती. साडी मागितली, साडी आली. पाटल्या मागितल्या, पाटल्या आल्या. पण मागितल्यावर! चाळीस वर्षं संसार झाला, आणि बाईच्या मुठीत स्वतःची म्हणून एक नोट नाही.

का हो, पुढच्या रांगेतले काका? खाली काय बघताय? अजून आख्यान सुरूसुद्धा झालं नाही!

तर झालं काय, मुलानं आईवडिलांना क्रूझचं तिकीट काढून दिलं. सिंगापूरहून निघायचं, मलेशियातल्या पेनांगला उतरायचं, असं करत परत. शेठ खूश. पण इंदूबाईंचा जीव अर्धा मागेच. लेक मंजिरी — तिचे दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण, त्यातून डॉक्टरांनी जरा जपायला सांगितलेलं. इंदूबाई म्हणाल्या, "अहो, पुढं ढकलू या की." शेठ म्हणाले, "पैसे परत मिळत नाहीत!" झालं. संपला विषय. बाई निघाल्या. निघताना मनात एकच धरलं. समुद्रापलीकडं जिथं देवीचं देऊळ भेटेल, तिथं मंजिरीच्या नावानं नारळ फोडायचा. बस. एवढंच मागणं. ध्यानात ठेवा मंडळी, एक नारळ. साऱ्या आख्यानात बाईला फक्त एक नारळ पाहिजे!

आता शेठची तयारी ऐका. परदेशात चोर फार, हे त्यांना कुणी सांगितलं? कुणीच नाही. स्वतःच ठरवलं. शिंप्याकडून नवी बंडी शिवून घेतली, आतून पोटाशी चोरखिसा. मलेशियाच्या नोटा बदलून घेतल्या — त्याही शंभर-शंभरच्या! का? तर सुट्यांचा फुगवटा दिसतो म्हणून. नोटा खिशात घातल्या. इथवर ठीक. तुम्ही-आम्हीही केलं असतं. पण शेठनी पुढं काय केलं? दुकानातलं दाभण आणलं. पोत्याचं तोंड शिवतो ना आपण, तो दोरा आणला. आणि त्या खिशाचं तोंड तूरडाळीच्या पोत्यासारखं शिवून टाकलं! दुहेरी टाका! वर गाठ!

अहो शेठ, पोतं शिवतात ते माल बाहेर सांडू नये म्हणून. खिसा कशासाठी असतो? हात घालण्यासाठी! पण हे सांगणार कोण? इंदूबाईंनी विचारून बघितलं, "अहो, लागले तर काढायचे कसे?"

"लागतील कशाला? सगळं भरलंय की आधीच!"

जहाजावर म्हणाल तर खरंच लागले नाहीत. तिथं एक कार्ड देतात, त्यावरच सारं चालतं. शेठ ते कार्ड गळ्यात घालून राजासारखे फिरले. फक्त मधूनमधून पोट खाजवायचे. जाड दोरा टोचतो ना! समोरच्या कुटुंबाला वाटलं, यांना नायटा झाला असावा. ते दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

पेनांग येणार त्या सकाळी सहलीबरोबरची मुलगी — ऋतुजा नाव तिचं, कोल्हापूरची, चुणचुणीत — तिनं नाश्त्याच्या वेळी सगळ्यांना बजावून सांगितलं. "काका-काकूंनो, खाली उतरताना तिथले थोडे पैसे जवळ ठेवा. फार नको. एका वेळचं खाणं, एकदा गाडीभाडं, आणि वर चहापाणी, देवदर्शन एवढ्यापुरते. सुटे ठेवा, मोठ्या नोटा नकोत. आणि दोघं असाल तर दोघांनी आपापल्याजवळ ठेवा. चुकामूक होते."

किती सोपं सांगितलं पोरीनं! आख्यान इथं संपायला हवं होतं. मीही घरी गेलो असतो, तुम्हीही गेला असता. पण शेठ ऐकतायत कुठं? ते पपईच्या फोडी वाढून घेत होते, पैसे भरलेत म्हणून. ऐकलं कुणी? इंदूबाईंनी. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, माझ्याजवळ दोन-चार नोटा द्या की. एक नारळ घ्यायचाय मंजिरीसाठी."

आणि शेठ काय म्हणाले? सगळ्या बायकांना पाठ आहे हे वाक्य, म्हणा माझ्याबरोबर —

"तुला कशाला? मी आहे की!"

बघा! बायकांच्या बाजूनं कसा एका सुरात आवाज आला! तबलजींनासुद्धा इतका नेमका ठेका साधत नाही.

उतरली मंडळी. बसनं त्यांना तिथल्या तमिळ वस्तीत नेलं. जुन्या पेठेसारखा रस्ता, दुकानांतून गाणी, मसाल्याचा वास, आणि टोकाला देवीचं देऊळ, रंगीत शिखराचं. ऋतुजा म्हणाली, "हिंडा, खा-प्या, पण बस सुटायच्या आत इथंच परत या." इंदूबाईंनी ते शिखर बघितलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. परमुलखात देवी अशी रस्त्याच्या टोकाला उभी, माहेरच्या माणसासारखी! देवळासमोर एका बाईचं फुलांचं दुकान. मोगरा, झेंडू, आणि शेजारी नारळांचा ढीग.

"अहो, घ्या ना एक."

शेठनी दुकानदारणीला विचारलं, "कैसा दिया?" तिनं बोटांनी सांगितलं. शेठनी वरच्या खिशातून आपल्याकडची पाचशेची नोट काढली. तिनं मान हलवली. शेठ म्हणाले, "असली है, असली!" अहो, असली आहे हे तिलाही कळतंय, पण ती बार्शीत नाही बसलेली! शेठनी गळ्यातलं कार्ड दाखवलं. तिनं ते उलटंपालटं करून बघितलं, जहाजाचं चित्र आवडलं तिला, परत दिलं. तेवढ्यात तिनं हातानं खूण केली, दुपार झाली की देवळाचं दार बंद. लवकर करा.

आता आली पंचाईत. पैसे बंडीत, बंडी सदऱ्याखाली, खिसा दाभणानं शिवलेला, आणि शेठ भर रस्त्यात! म्हणाले, "तू इथंच थांब. हलू नको. मी आलो."

निघाले आडोसा शोधायला. कोपऱ्यावर सार्वजनिक संडास. वाटलं, सुटलो! पण दारात एक म्हातारी बसलेली. तिनं हात पुढं केला. आत जायला पैसे! मंडळी, बघा या माणसाची दशा. पैसे काढायला आत जायचंय, आणि आत जायला पैसे पाहिजेत! शेठ पोटाकडं बोट दाखवून कळवळून सांगतात, "इधर है! इधर है!" म्हातारीला वाटलं, याच्या पोटात भयंकर काहीतरी झालंय. ती घाबरून उठली आणि दवाखान्याची दिशा दाखवायला लागली. कुणाला दोष द्यायचा? तिचं काय चुकलं?

शेठ तिथून निघाले ते पुढं, आणखी पुढं, या गल्लीतून त्या गल्लीत. आणि आपण मात्र इथंच थांबायचं. इंदूबाईंजवळ.

बाई उन्हात उभ्या. जवळ फोन? एकच फोन, तो शेठच्या खिशात. पाणी? बाटली शेठच्या पिशवीत. तहान लागली तरी नवऱ्याला विचारावं लागेल अशी ती बाई, आणि नवरा दिसेना. मगाशी बसमधून उतरलेले लोक हातात पिशव्या घेऊन हसत चालले होते. कुणी म्हणालं, "काकू, येताय?" बाई म्हणाल्या, "हे येतायत." काय सांगणार? समोर देऊळ. हातभर अंतरावर नारळ. तिकडं बार्शीत लेक अवघडलेली. आणि बाईला मनात काय वाटलं असेल? वाईट वाटलं. हो, पण त्याहून जास्त, संताप आला! मला विचाराल तर चाळीस वर्षांचा एकदम आला. त्या मनात म्हणाल्या, "एवढा मोठा संसार रेटला मी, आणि देवीपुढं एक नारळ ठेवायची माझी ऐपत नाही?"

फुलवालीनं हे सगळं बघितलं. सेल्वी तिचं नाव. तिनं एक नारळ उचलला आणि इंदूबाईंच्या पुढं धरला. घे, अक्का. पैसे नकोत.

घ्यायचा की नाही? तुम्ही सांगा. तुम्ही घेतला असता, मला माहीत आहे! तुम्ही दोन घेतले असते! इंदूबाईंनी हात जोडले आणि मान हलवली. देवाला द्यायचं ते फुकटातलं कसं चालेल? शेठ आले तर शेठच्या पैशाचा नारळ. ही दयेनं देते तर हिचा नारळ. मग मंजिरीच्या आईचा नारळ कुठंय?

तेवढ्यात बाईंची नजर सेल्वीच्या हातांवर गेली. देवळात काहीतरी उत्सव असावा. मोठ्या हाराची घाई होती. फुलांची टोपली भरलेली, दोरा गुंतलेला, गिऱ्हाईकं खोळंबलेली, आणि सेल्वी एकटी. आता मला सांगा, जी बाई चाळीस वर्षं रोज संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा स्वतःच्या हातानं ओवते, तिला समोर रखडलेला हार बघवेल? इंदूबाईंनी काय केलं? पदर खोचला, पायाजवळचा पाट ओढला, बसल्या, आणि दोरा हातात घेतला.

दोन फुलं इकडं, दोन तिकडं, दोऱ्याचा वेढा, ओढ! दोन इकडं, दोन तिकडं, ओढ! सेल्वी बघतच राहिली. मग हसली आणि टोपली दोघींच्या मध्ये सरकवली. एक तमिळमध्ये बोलतेय, एक मराठीत. इंदूबाईंनी लेकीचं सांगितलं, पोटावर हात ठेवून. सेल्वीनं आपल्या लेकरांचं सांगितलं, बोटं दाखवून. बरं, दोघींना सगळं कळलं! आणि इथं एका घरात, एका भाषेत राहणाऱ्यांना कळत नाही. काय बोलायचं?

हार पुरा झाला. देवळातला माणूस येऊन घेऊन गेला. सेल्वीनं गल्ल्यातून काही नोटा काढल्या, काही नाणी काढली, आणि इंदूबाईंचा हात उघडून तळव्यावर ठेवल्या. इंदूबाई "नको, नको" म्हणाल्या. आपल्याला सवयच असते. पण सेल्वीनं डोळे वटारले आणि बोटानं दाखवलं: हात तुझे. काम तुझं. पैसे तुझे.

मंडळी, बाईंनी मूठ मिटली. आयुष्यातली पहिली कमाई! साठी ओलांडल्यावर! समुद्रापलीकडं! त्या मुठीकडं त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यातलीच एक नोट काढली, सेल्वीच्या पुढं धरली आणि मराठीत, ठणकावून म्हणाल्या, "एक नारळ द्या."

वाजवा! इथं टाळी वाजायला पाहिजे. आणि पेटीवाले, सूर धरा. ओळ माझीच आहे, दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवू नका —

हातामध्ये होते, तेच कामा आले ।
गाठीचे राहिले, गाठीपाशी ॥

दार बंद व्हायच्या आत बाई आत गेल्या. मंजिरीचं नाव घेतलं. नारळ दगडावर आपटला. फटकन दोन शकलं! पुजारी आरतीचं तबक घेऊन समोर आला. आणि इथं नीट ऐका. आपल्या देवळात तबक आलं की बाई काय करते? मागे वळून नवऱ्याकडं बघते. नवरा खिसा चाचपतो, एक नाणं तिच्या हातावर ठेवतो, मग ती ते तबकात टाकते. बघितलंय ना? रोज बघतो मी, इथं उभा राहून! त्या दिवशी इंदूबाईंचा हात पुढं गेला, नाणं तबकात पडलं, आणि मान मागे वळली नाही.

बाहेर आल्या तर काय? रस्त्यात गोंधळ! फुलांनी सजवलेली सायकलरिक्षा, तिचा म्हातारा चालक हँडल सोडून उभा, आणि आत बसलेले आपले शेठ. सदऱ्याची बटणं वरखाली, बंडी फाटलेली, हातात शंभराच्या नोटांची चळत!

झालं होतं असं. आडोसा मिळेना म्हणून शेठ शेवटी एका न्हाव्याच्या दुकानात शिरले आणि गिऱ्हाइकांसमोर सदरा काढून खुर्चीत बसले. न्हाव्यानं त्यांच्या पोटाकडं बघितलं. तिथं पोत्याची शिवण! बिचाऱ्यानं भीतभीतच कात्री चालवली. पैसे निघाले. पण देऊळ कुठल्या गल्लीत ते शेठना आठवेना. रिक्षा केली. आली रिक्षा. आता भाडं द्या! शेठ देतात शंभराची नोट, म्हाताऱ्याकडं सुटे नाहीत. म्हातारा हात हलवतो. शेठ नोट परत खिशात घालतात. म्हातारा त्यांची पिशवी धरतो. बघे जमले. हातात एवढी चळत, आणि चोराभोवती जमावी तशी गर्दी!

इंदूबाई गर्दीतून पुढं आल्या. रिक्षावाल्याला खुणेनं विचारलं, किती? त्यानं सांगितलं. मूठ उघडली, मोजून हातावर ठेवले. वर एक नाणं जास्त. म्हातारा पिशवी देऊन, नमस्कार करून बाजूला झाला.

शेठनी रिक्षातूनच विचारलं, "अगं, पैसे कुठनं आणलेस?"

"कमावले."

"कमावले म्हणजे?"

"म्हणजे कमावले."

"आणि नारळ?"

"फोडला की. किती वेळ थांबायचं मी तुमच्यासाठी?"

शेठ खाली उतरले, तोंड एवढंसं झालेलं. चळत पुढं केली. "घे. ठेव तुझ्याजवळ. सगळे ठेव."

बाई हसल्या असतील? अजिबात नाही! बाई चिडल्या होत्या, आणि चांगल्या चिडल्या होत्या. म्हणाल्या, "सगळे नकोत मला. सगळे एकाजवळ ठेवून काय होतं ते बघितलं की आत्ताच. निम्मे द्या. आणि ती बंडी त्या कचऱ्याच्या डब्यात टाका."

टाकली मंडळी! शेठनी बंडी टाकली!

आता मला माहीत आहे, तुमचा जीव तिकडं अडकलाय. मंजिरीचं काय झालं? झाली, झाली! सुखरूप! मुलगी झाली. आता ते नारळामुळं की डॉक्टरांमुळं, हे मला विचारू नका, दोघांनीही आपापलं काम केलं. इंदूबाई परत आल्या, नातीला मांडीवर घेतलं, आणि त्या इवल्या हातात पहिलं काय ठेवलं? त्या कमाईतलं उरलेलं एक परदेशी नाणं. शेठ म्हणाले, "इथं चालत नाही गं ते." बाई म्हणाल्या, "चालायला नाही ठेवलं. स्वतःच्या मुठीतलं म्हणजे काय, ते माहीत असावं म्हणून ठेवलंय."

तर मंडळी, आपला प्रश्न. परक्या किनाऱ्यावर उतरताना पैसे किती ठेवावेत? ऋतुजानं सांगितलंच आहे — थोडे ठेवा, सुटे ठेवा. पण मी तुमच्यावर चिडलोय ते वेगळ्याच गोष्टीवर. मी किती ते विचारलं आणि तुम्ही तेवढंच ऐकून बसलात, हो! कुणाच्या मुठीत, हे विचारत नाही! शेठजवळ कमी होते का? भरपूर होते. ते एकाच बंडीत होते, एवढंच. तुमची बंडी बघा. दाभण तुमच्याही घरात आहे, पुढच्या रांगेतले काका! तुम्ही मगापासून खाली बघताय ते मला दिसतंय. आणि बायकांनो, तुम्ही नुसत्या हसताय, पण उद्या सकाळी दूधवाल्याला पैसे द्यायला पुन्हा "अहो" म्हणून हाक मारणार. माझ्या डोक्याला किती ताप आहे सांगा!

आता उठू नका. तबकात निरांजन लावलंय. आज तबक आधी बायकांकडं जाणार. आणि आज या मंडपात कुणीही बाईनं मागे वळून नवऱ्याकडं बघायचं नाही. ज्यांच्या मुठीत काही नाही, त्यांनी लाजू नका, नुसते हात जोडा. देव काही मागत नाही. पण पुरुषमंडळी, तुम्ही मात्र बघा. तबक पुढं सरकताना किती हात रिकामे जोडले जातात ते नीट बघा, आणि त्यातले आपल्या घरचे कोणते, ते ओळखा.

चला, पेटीवाले. सूर द्या. आरतीला उभे राहा.